पिवळी पिन

नरसूबाई कुरापाटींचा निरोप आला,
"टीव्हीवाल्या गफूर मास्तरला पाठवा, पैसे देते म्हणावं."
टीव्हीवाला मी होतो, वीस वर्षांखाली.
आता मोबाईलच्या काचा बदलतो,
पण हाक तीच चिकटलीय, सोल्डरसारखी.

विडी घरकुलात मे महिन्याची दुपार,
पत्र्याखाली कूलर नुसताच ओरडतोय.
भिंतीवर नवा टीव्ही, पोरानं पुण्याहून हप्त्यावर धाडलेला,
खाली पाटावर, टर्किश टॉवेलात गुंडाळलेला
रेकॉर्डर. जड, काळा,
कारखाना बंद करताना मालकानं
थकल्या पगारात वळता केलेला.

"ही तबकडी दुसरीकडं लागंना की ओ.
चार दुकानं फिरले. रिकामी आहे म्हणतेत."
रिकामी नसते. भरून झाली की
मशीनमध्येच पक्की करावी लागते,
शेवटचं एक बटण असतं त्याला.
राजेशमनं ते दाबलंच नव्हतं.
काठ न शिवलेला टॉवेल
मागावर असतो तोवरच धड.

टीव्हीमागं चार बोटं जागा.
मान वाकडी, मोबाईलचा उजेड दातात.
चपटी भोकं तीन, ती आपल्या कामाची नाहीत.
गोल भोकं: हिरवं, निळं, लाल, पांढरं, परत लाल.
पिवळं कुठंय?
माझ्या हातात पिवळी पिन, आणि टीव्हीला पिवळंच नाही.
चष्मा पुसला तेव्हा दिसली
हिरव्याभोवती एक बारीक पिवळी कड.
हिरव्यात पिवळी घातली.

चित्र आलं, पण करडं.
मागांची रांग करडी, दिवे करडे,
राजेशमच्या खांद्यावरचा टॉवेलही करडा.
"मोरपंखी आहे तो," नरसूबाई म्हणाल्या,
विड्यांचं सूप मांडीवरून न उतरवता.
मी रिमोट घेऊन सेटिंगमध्ये शिरलो,
खाली, खाली, परत वर, एक ओळ बदलली.
मोरपंखीच निघाला.

आवाज मात्र नाही.
लाल-पांढरी वायर उंदरानं खाल्लेली.
राजेशम मागाला टेकून उभा, कॅमेऱ्याकडं बघत
ओठ हलवतोय, बराच वेळ.
"थांबा, दुसरी वायर आहे पिशवीत."
"बसा हो मास्तर. शेडमध्ये कुणाला काय ऐकू येतंय?
चाळीस माग चालायचे. मी कांड्या भरायची,
हा तिकडल्या टोकाला. ओठ बघूनच बोलायचो.
लग्नाचं पण तसंच विचारलं यानं."
मग त्या टीव्हीकडं बघत राहिल्या,
त्यांचेही ओठ थोडे थोडे, तेलुगूत.
एकदम हसल्या,
तंबाखूच्या बोटांनी पदर तोंडाला लावला.
"काय म्हणले?"
"कांड्या संपल्या म्हणतोय."

कांड्या संपल्या म्हणायला
इतका वेळ लागत नाही.
पण मी मेकॅनिक. वायर जोडली.

खटखट खटखट खटखट खटखट,
कूलर बुडाला, कुकरची शिट्टी बुडाली,
शेजारची यल्लव्वा कणकेच्या हातांनी दारात,
"काय गं, कारखाना चालू झाला का?"
राजेशमचा एक शब्दही त्यातून वर आला नाही.
नरसूबाईंनी रिमोट मागितला
आणि आवाज शून्यावर आणला.

निघताना विचारलं,
"बटण दाबून पक्की करू का? मग कुठंबी चालेल."
"कुठं चालवायचीय?"
त्यांनी सूप पुढं ओढलं, पानाला कात्री लावली,
नजर टीव्हीवरच.

पन्नास रुपये घेतले.
वायर नवी होती,
तिचे धरले नाहीत.